जुनी फीत कशी पाहावी? : सिलोनच्या चलच्चित्रांची ओळख

लंका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती रामायणातली. सोन्याची लंका, अशोकवन, शेपटीला पेटते बोळे बांधलेला मारुती! कीर्तनात, दशावतारात आणि शाळेच्या संमेलनात ही लंका आपण इतक्यांदा पाहिली आहे की, नकाशावर भारताच्या पायाशी आंब्यासारखे लोंबणारे ते बेट खरोखरीचे आहे, तिथेही माणसे नांगर धरतात, भात लावतात, लेकीबाळींची लग्ने करतात, हे मुद्दाम आठवावे लागते. पुढे रेडिओ आला. १९५२ पासून ‘बिनाका गीतमाले’ने त्या बेटाचे दुसरे नाव, सिलोन, आपल्या घराघरांत पोचवले. सिलोन आपण पुष्कळ ऐकले. पण पाहिले किती जणांनी?

ते पाहण्याची सोय आहे. सिलोनमधल्या जीवनाची आणि समारंभांची जुनी चलच्चित्रे शिल्लक आहेत आणि त्यांतली काही आज मोबाइलच्या पडद्यावरही दिसतात. ‘ब्रिटिश पाथे’ ह्या जुन्या वार्तापट कंपनीने २०१४ साली आपल्या संग्रहातल्या सुमारे ८५ हजार फिती इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या केल्या. तेव्हा फीत मिळणे ही आता अडचण राहिलेली नाही. अडचण आहे ती फीत पाहायची कशी, ही.

तुम्ही म्हणाल, त्यात काय शिकायचे? डोळे उघडे ठेवले की दिसते! पण जरा थांबा. घरातला लग्नाचा फोटो आठवा. त्यात नवरानवरी आहेत, वरमाई आहे, फेटा बांधलेले मामा आहेत. मांडवामागे चुलाणापुढे दोन दिवस धूर खाणारी आत्या मात्र त्यात नाही. म्हणून फोटो खोटा ठरतो का? मुळीच नाही. जे समोर होते तेच त्यात उतरले. पण फोटोवाला कुठे उभा राहिला, त्याला कोणी बोलावले आणि पैसे कोणी दिले, ह्यावर समोर कोण येणार हे ठरले. चलच्चित्राचेही अगदी तसेच आहे.

आधी चलच्चित्र म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. लांबलचक पारदर्शक पट्टीवर एकापुढे एक छायाचित्रे घेतलेली असतात. बोलपटात एका सेकंदाला अशी २४ चित्रे डोळ्यांपुढून सरकतात. मूकपटांच्या काळात ती बहुधा कमी असत. डोळ्याला आणि मनाला मधले तुकडे जाणवत नाहीत आणि चित्र हालते आहे असे वाटते. हजार फूट लांबीचे एक रीळ बोलपटाच्या वेगाने जेमतेम ११ मिनिटे चालते. म्हणजे रीळ ही महागाची वस्तू. त्यामुळे काय टिपायचे आणि काय सोडायचे, हा हिशेब छायाचित्रकाराच्या डोक्यात सतत असे.

ह्या कलेशी आपले नाते जुने आहे. १८९६ च्या जुलै महिन्यात मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. त्यानंतर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, ह्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला. त्यांनी १८९९ साली मुंबईत कुस्तीची एक लढत टिपली आणि १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा त्यांचे स्वागत टिपले. डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट फितीवर धरून ठेवावी, ही हौस मराठी माणसालाही अशी फार आधी लागली होती.

आता सिलोनकडे वळू. ह्या बेटावर काढलेला सर्वांत नावाजलेला अनुबोधपट म्हणजे १९३४ सालचा ‘साँग ऑफ सिलोन’. दिग्दर्शक बेसिल राइट आणि निर्माते जॉन ग्रिअरसन, दोघेही ब्रिटनचे. लांबी सुमारे ४० मिनिटे. १९३५ साली ब्रसेल्सच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळाले. पैसे कोणी दिले, तर सिलोनच्या चहाचा प्रचार करणाऱ्या मंडळाने. चहा खपावा हा त्यांचा हेतू. साहजिक आहे, व्यापारी आपल्या मालाची जाहिरात करणारच.

पण चित्रपट पाहायला बसलात तर चहा लवकर येतच नाही. चार भाग आहेत. पहिला भाग बुद्धाचा. त्यात यात्रेकरू श्रीपाद पर्वत चढताना दिसतात. ह्या पर्वताची उंची २,२४३ मीटर. शिखरावर पावलाच्या आकाराचा ठसा आहे. बौद्ध म्हणतात तो बुद्धाचा, हिंदू म्हणतात शिवाचा, मुसलमान व ख्रिस्ती म्हणतात आदमाचा. आणि सगळे एकाच वाटेने चढतात. म्हातारी माणसे टेकत टेकत वर जातात, घंटेचा नाद उठतो आणि एक पक्षी पाण्यावरून उडत जातो. दुसऱ्या भागात खेड्यातले जीवन आहे, मुलांचे नृत्यशिक्षण आहे. तिसऱ्या भागाचे नाव ‘व्यापाराचे आवाज’. चहा येतो तो इथे. चौथ्या भागात पोलोन्नरुवा येथे दगडात कोरलेल्या भव्य बुद्धमूर्ती आणि कँडीचे नर्तक.

ह्या चित्रपटातली एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्या. राइट ह्यांनी सिलोनमध्ये टिपली ती फक्त चित्रे. आवाज नंतर लंडनच्या ध्वनिगृहात चढवला. त्या घंटेचा नाद आणि तो पक्षी ह्यांची गाठ घातली गेली ती लंडनमध्ये. निवेदनाचे शब्द घेतले ते रॉबर्ट नॉक्स ह्या इंग्रज खलाशाच्या पुस्तकातून. हा नॉक्स १६६० साली कँडीच्या राजाच्या कैदेत सापडला, एकोणीस वर्षे तिथे राहिला, पळून मायदेशी गेला आणि १६८१ साली त्याने आपले पुस्तक छापले. ते शब्द वाचले कोलंबोचे छायाचित्रकार व पियानोवादक लायोनेल वेन्ट ह्यांनी. चित्रे १९३४ ची, शब्द अडीचशे वर्षांपूर्वीचे आणि आवाज बेटावरच्याच एका माणसाचा, अशी ही तीन पदरी वीण आहे.

ऐकताना गोड वाटते. पण परिणाम काय होतो पाहा. जुने शब्द नव्या चित्रांवर घातले की पाहणाऱ्याला वाटते, ह्या बेटावर अडीचशे वर्षांत काही बदललेच नाही. खरी गोष्ट नेमकी उलट होती. सिलोनमध्ये १९३१ सालीच एकवीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांना मताधिकार मिळाला होता. त्या वेळी आपल्याकडे मोजक्याच लोकांना मत होते. सर्व प्रौढांचे मतदान आपण प्रथम पाहिले ते १९५१-५२ च्या निवडणुकीत. म्हणजे चित्रपटात न्हाणारी, कापणी करणारी, टोपली वाहणारी ती प्रौढ माणसे त्यांच्यातल्या अनेकांच्या बाबतीत मतदारही होती. पण चित्रपट ते सांगत नाही.

आणखी एक गोष्ट. चित्रपट पुरा झाला त्याच १९३४ सालच्या अखेरीला सिलोनवर मलेरियाची भयंकर साथ कोसळली. त्या वर्षी पाऊस कमी पडला. एरवी खळाळत वाहणाऱ्या नद्या आटून त्यांची डबकी झाली आणि डासांना हवे तसे घर मिळाले. साथीचा सर्वांत मोठा तडाखा केगल्लसारख्या, एरवी पाऊसपाण्याने संपन्न असलेल्या भागाला बसला, कारण तिथल्या लोकांच्या अंगात ह्या तापाशी झुंजायची सवय नव्हती. काही महिन्यांत सुमारे ८० हजार माणसे दगावली. हे कळल्यावर पडद्यावरची ती नदी पुन्हा पाहा. चित्र तेच असते, पण आपली नजर बदललेली असते.

आता त्या तिसऱ्या भागाकडे, चहाकडे, येऊ. पडद्यावर चहामळ्यातल्या बाया पाने खुडत आहेत आणि कानावर पडतात ते लंडनच्या बाजारातले भाव, व्यापारी पत्रांचा मजकूर, जहाजांचे उल्लेख. चित्र मळ्याचे, आवाज पेढीचा. चहामंडळाच्या पैशातून काढलेल्या चित्रपटात दिग्दर्शकाने व्यापाराला हा बारीकसा चिमटा काढला आहे. पैसे देणाऱ्याची इच्छा आणि कॅमेरा धरणाऱ्याची नजर एकच असेल असे नाही, हेही ह्यावरून कळते.

हा भाग मी एकदा वर्गात दाखवला. चर्चा आवाजाची, जोडणीची, संगीताची चालली होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे आईवडील दरसाल ऊसतोडीला जातात, तो उठून म्हणाला, “सर, भाव सगळे सांगितले. पण ह्या बाईला रोज किती मिळत होता?” वर्ग गप्प झाला. मीही झालो. त्या सगळ्या आवाजांत लंडनचा भाव ऐकू येतो. मजुरीचा आकडा ऐकू येत नाही. हा चित्रपट मी बरेच वेळा पाहिला होता, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता.

ह्या बाया कोण? सिलोनमध्ये आधी कॉफीचे मळे होते. १८६९ पासून पानांवरच्या तांबेऱ्याने कॉफी बुडवली. १८६७ साली जेम्स टेलर ह्याने १९ एकरांत लावलेला चहा मग डोंगरभर पसरला. मळ्यांत राबायला मजूर आणले ते मुख्यतः तमिळ मुलखातून, कंगाणी नावाच्या मुकादमांमार्फत. उचल घेतलेला मजूर आणि मुकादम हे नाते आपल्याला काही नवे नाही. त्या मजुरांची मुले तिथेच जन्मली, नातवंडेही तिथेच. ‘दोन पाने आणि एक कळी’ खुडण्यात पिढ्या गेल्या.

आता सार्वजनिक समारंभांची चलच्चित्रे घ्या. सिलोन ४ फेब्रुवारी १९४८ रोजी स्वतंत्र झाले. १० फेब्रुवारीला कोलंबोच्या टॉरिंग्टन चौकात मोठा समारंभ झाला. ब्रिटिश राजघराण्यातर्फे ड्यूक ऑफ ग्लॉस्टर आले होते, पंतप्रधान डी. एस. सेनानायके होते, सिंहध्वज होता. पुढे त्याच जागी स्वातंत्र्यस्मारकाचे दालन उभे राहिले. ह्या दिवसांचे वार्तापट आहेत. वार्तापट म्हणजे मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवायची बातम्यांची फीत, त्यातली एकेक बातमी मिनिटा-दोन मिनिटांची. आपल्याकडची ‘समाचार चित्रे’ वडीलधाऱ्यांना आठवत असतील. एवढ्या थोड्या वेळात व्यासपीठ, झेंडा, संचलन आणि टाळ्या मावतात. बाकीचे बाहेर राहते.

बाहेर काय राहिले ते सांगतो. त्याच वर्षी, १५ नोव्हेंबर १९४८ पासून, सिलोनचा नवा नागरिकत्वाचा कायदा लागू झाला. आपण जन्मतः इथले आहोत हे ठरवायला, बाप ह्या बेटावर जन्मला होता किंवा आजा आणि पणजा दोघेही इथे जन्मले होते, असे दाखवणे आले. मळ्याच्या चाळीत जन्मलेल्या मजुराने आज्या-पणज्याचा दाखला कुठून आणावा? सात लाखांहून अधिक वस्तीच्या ह्या समाजातले बहुतेक लोक नागरिक राहिले नाहीत, आणि १९४९ साली त्यांचा मताधिकारही गेला. १९४७ च्या निवडणुकीत त्यांनी मते दिली होती, हे विसरू नका. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके ह्यांच्यात करार झाला. सव्वापाच लाख लोकांना भारताने घ्यावे, तीन लाखांना सिलोनने नागरिकत्व द्यावे आणि उरलेल्या दीड लाखांचे पुढे पाहावे, असे ठरले. ह्या दीड लाखांची १९७४ साली दोन देशांनी निम्मी-निम्मी वाटणी केली. सिलोन १९७२ साली श्रीलंका झाले. तरी राहिलेल्या माणसांचा प्रश्न कायद्याने मिटायला २००३ साल उजाडले. स्वातंत्र्याच्या वार्तापटापासून तिथवर पंचावन्न वर्षे!

१९५४ च्या एप्रिलमध्ये राणी एलिझाबेथ सिलोनला आल्या, त्या दौऱ्याच्याही फिती आहेत. कँडीची पेरहेरा, म्हणजे सजवलेल्या हत्तींची आणि नर्तकांची मिरवणूक, एरवी श्रावणाच्या सुमाराला निघते. राणीसाठी ती खास काढली. ती पाहून कोणी म्हणेल की कँडीत मिरवणूक चैत्रात असते, तर तो फसला! समारंभ कधीकधी पाहुण्यांसाठी घडवलेला असतो.

सगळेच परदेशी माणसांनी टिपले असे नाही. १९४८ साली सिलोन सरकारने आपला चित्रपट विभाग काढला. पुढे नामवंत झालेले दिग्दर्शक लेस्टर जेम्स पेरिस काही वर्षे त्यात होते. १९५४ साली त्यांनी मलेरियाविरुद्धच्या मोहिमेवर एक छोटा अनुबोधपट केला. त्याच्या नावातच कोरड्या प्रदेशातील ‘विजय’ असा शब्द होता. डीडीटीच्या फवारणीने ताप खरोखरच हटत होता. १९६३ साली साऱ्या देशात मलेरियाचे फक्त १७ रुग्ण नोंदले गेले. मग फवारणी थांबली आणि १९६८-६९ मध्ये साथ पुन्हा उसळली, रुग्ण लाखांनी मोजावे लागले. श्रीलंका मलेरियामुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले ते २०१६ साली. चित्रपट ‘समाप्त’ म्हणतो तिथे गोष्ट समाप्त झालेली नसते, ती ही अशी.

पेरिस ह्यांनी नंतर सरकारी नोकरी सोडली आणि कॅमेरा घेऊन ते थेट खेड्यात गेले. तिथे काढलेला त्यांचा ‘रेखावा’ हा चित्रपट १९५६ साली आला. तोवर सिंहली चित्रपट बहुधा दक्षिण भारतातल्या स्टुडिओंत, भारतीय चित्रपटांच्या धर्तीवर निघत. आपल्या गावाकडे आपल्याच माणसाने कॅमेरा वळवला की काय फरक पडतो, हे त्यांनी दाखवून दिले.

तर मग शिक्षकांनी आणि श्रोता मंडळांनी काय करावे? माझी सूचना साधी आहे. कोणतीही जुनी फीत आधी आवाज बंद करून पाहा आणि कोणाला काय दिसले ते प्रत्येकाला सांगू द्या. मग आवाजासकट पाहा, आणि चार प्रश्न विचारा. एक : कॅमेरा कोणी पाठवला? दोन : बोलतो कोण, आणि दिसतो पण बोलत नाही असा कोण? तीन : हे टिपण्याच्या आधी काय घडले होते आणि नंतर काय घडले? चार : चौकटीच्या बाहेर कोण राहिले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फितीत सापडणार नाही. त्यासाठी पुस्तक उघडावे लागेल. म्हणूनच फीत इतिहासाचा धडा चुकवायची पळवाट नव्हे, धड्याकडे न्यायची वाट आहे.

आणि जुन्या फिती जपायला हव्यात, त्या अपुऱ्या असल्या तरी. १९५० च्या सुमारापर्यंत वापरात असलेली नायट्रेटची फीत चटकन पेट घेते. पुण्यात २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत अशा जुन्या फिती भस्म झाल्या. त्यानंतरची फीतही ओलाव्याने, उष्णतेने आंबते, तिला शिरक्यासारखा वास सुटतो. पुण्यातच १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय हे जपणुकीचे काम करत आले आहे. फीत गेली की चौकटीबाहेरचे तर जातेच, पण चौकटीतलेही जाते. त्या मळ्यातल्या बाईचे नाव चित्रपटाने सांगितले नाही, तिचे मत कायद्याने घेतले. पण तिचे हात, ती टोपली आणि पाने खुडण्याचा तिचा वेग आजही पडद्यावर आहे. ती तिथे राबत होती, ह्याला त्याहून पक्का पुरावा कोणता?

शेवटी आपल्या गावाकडे येऊ. आज प्रत्येक घरात कॅमेरा आहे. आपण जत्रा टिपतो, पुढाऱ्याचा सत्कार टिपतो, लग्न टिपतो. एवढे करा : टिपलेल्या प्रत्येक चित्राबरोबर तारीख, गाव आणि त्यातल्या माणसांची नावे लिहून ठेवा. आणि पुढच्या लग्नात कॅमेरा क्षणभर मांडवामागे न्या. चुलाणापुढची आत्या काय म्हणते तेही ऐका, आणि तिला विचारून तिचे नावही टिपून घ्या.